दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदत-ग्रुपच्या पहिल्या मीटिंगला जाण्याआधी काय काय तयार ठेवाल?

मीटिंग शोधायच्या आधी शरीराची चौकशी करा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ असा त्रास सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त असतो. भास, ताप आणि गोंधळलेपण घेऊन येणारी गंभीर अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दिसते आणि तिच्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून पूर्वी सोडताना कधी फिट आली असेल, किंवा सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, तर आधी डॉक्टर गाठा. ग्रुपमध्ये आधार मिळतो, औषधोपचार मिळत नाहीत. पुढे एखाद्या सदस्याने कितीही आपुलकीने सांगितलं, तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच्या शब्दावर बंद करू नका.

आता कुठल्या ग्रुपला जायचं ते ठरवा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, जगभर पसरलेली आहे. दारू सोडण्याची इच्छा एवढीच तिची सदस्यत्वाची अट; फी नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी तिने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो. तो नको वाटत असेल तर विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर चालणारे स्मार्ट रिकव्हरीसारखे गट आहेत. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असतं. यादी घाईत वाचली की नावं सारखी दिसतात आणि माणूस चुकीच्या खोलीत जाऊन बसतो.

संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरची यादी उघडा आणि एक नव्हे, याच आठवड्यातल्या तीन मीटिंगा निवडा. प्रत्येकीपुढे वार, वेळ, इमारतीतली नेमकी खोली, संपर्काचा फोन आणि ती खुली आहे की बंद, हे लिहून ठेवा. खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी. बहिणीला किंवा मित्राला सोबत न्यायचं असेल तर खुलीच निवडा, नाहीतर सोबतच्या माणसाला बाहेर थांबावं लागेल.

मीटिंगला जायच्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या. ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. बहुतेक ग्रुपांची स्वतःची जागा नसते. शाळेची, दवाखान्याची किंवा प्रार्थनास्थळाची खोली तास-दीड तासासाठी घेतलेली असते. जागामालकाचा कार्यक्रम आला की वेळ सरकते, आणि यादी मात्र जुनीच राहते. बाहेर मोठा फलक असेलच असं नाही, कारण येणाऱ्यांची नावं गुप्त राहावीत हा कटाक्ष असतो. फोनवर विचारा: कुठल्या दारातून यायचं, कितवा मजला, दारात कुणी भेटेल का. कुलूपबंद दार पाहून परत फिरलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जायला फार वेळ लावतो. तिथल्या तिथे दुसरा पत्ता हाताशी असावा म्हणून तर तीन मीटिंगा निवडायच्या.

वेळ निवडताना, रोज ज्या तासाला ग्लास भरला जातो, त्याच तासाची मीटिंग आम्ही सुचवू. १० ते १५ मिनिटं आधी पोचा. मीटिंग साधारण ६० ते ९० मिनिटं चालते. त्या दिवशी प्यालेले असाल तरी एए दार बंद करत नाही; शांत बसा, बोलू नका, आणि गाडी अजिबात चालवू नका.

सोबत लहान वही, पेन आणि आवाज बंद केलेला फोन पुरे. ओळखपत्र लागत नाही, पहिलं नाव सांगितलं तरी चालतं. वर्गणीची थैली फिरते, ती ऐच्छिक असते. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी कुणी विचारत नाही. कोर्टासाठी किंवा कामाच्या ठिकाणी हजेरीची सही हवी असेल तर मीटिंग सुरू होण्याआधीच चालवणाऱ्याला विचारा, कारण सगळे ग्रुप सही देत नाहीत. ऑनलाइन बसणार असाल तर पडद्यावर दिसणारं आडनाव आधी काढून टाका आणि हेडफोन लावा.

बोलायची पाळी आली तर ‘मी आज फक्त ऐकतो’ एवढं वाक्य पुरतं. एकजण बोलत असताना सल्ला द्यायचा नसतो, मध्ये प्रश्नही विचारायचा नसतो. इथे कोण दिसलं, काय ऐकलं, हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही, जोडीदारालाही नाही.

संपल्यावर लगेच निघू नका. पिण्याच्या आठवणी ऐकून कधीकधी तलफ उसळते, म्हणून १५ मिनिटं थांबून दोन-तीन जणांचे नंबर घ्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाला फोन करा, निव्वळ सवय व्हावी म्हणून. खरी तलफ आली की अनोळखी नंबर लावायला बोट उचलत नाही. स्पॉन्सर, म्हणजे नव्या माणसाला सोबत करणारा जुना सदस्य, पहिल्याच दिवशी ठरवायची घाई नको, चार-पाच मीटिंगा त्या माणसाचं बोलणं ऐका. पहिला ग्रुप रुचला नाही तर यादीतल्या उरलेल्या दोन मीटिंगांना जाऊन मगच मत बनवा, कारण ग्रुपागणिक माणसं आणि वातावरण फार बदलतं. आणि मध्येच घोट घेतला गेला, तर वहीत लिहिलेली पुढची मीटिंग रद्द करू नका. ठरल्या वेळी तिथे जा.