पोटाची तक्रार पाळीच्या तारखांशी कशी जुळवून पाहावी

पाळीच्या आधी आठवडाभर पोट गच्च, शौचाला साफ होत नाही. पाळी सुरू झाली की दोन दिवस उलट जुलाब. बऱ्याचदा या दोन्हींचं मूळ एकच असतं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, आतड्याचे स्नायू सैलावतात आणि अन्न हळू सरकतं. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन उतरतं. मग गर्भाशयात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही रसायनं शेजारच्या आतड्यालाही पिळतात. म्हणूनच महिनाभर रोज रेचक घेणारीचे पाळीत हाल होतात.

आधी दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. रोज रात्री लिहा: कितवा दिवस, शौचाला किती वेळा, मल खडे की मऊ की पातळ, पोटफुगी 0 ते 10 पैकी किती, आणि कुठल्या गोळ्या घेतल्या. हा शेवटचा रकाना हमखास रिकामा राहतो, आणि लोहाच्या गोळ्यांनी झालेला बद्धकोष्ठ हार्मोनच्या नावावर खपतो.

28 दिवसांचं चक्र असेल आणि त्रास विसाव्या दिवसानंतर वाढत असेल, तर साधारण सोळाव्या दिवसापासून इसबगोल सुरू करा. एक चहाचा चमचा, 250 मिली पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं; ठेवलं की लगदा होतो. पाणी कमी पडलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. मात्रा वाढवायची तर तीन-चार दिवस थांबून, नाहीतर गॅसने पोट आणखी फुगतं. पाळी आली की बंद.

पाळीतल्या कळा आणि जुलाब दोन्हींवर आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचा उपयोग होऊ शकतो, कारण ते प्रोस्टाग्लँडिन्सच कमी करतं. जेवणानंतरच घ्या. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्या दोन दिवसांत कॉफीही कमी केलेली बरी.

नोंदीत पाळीशी मेळच दिसला नाही तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावलं की आतडंही मंदावतं. त्यासाठी थायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनची) गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. इसबगोलही तिच्यासोबत नको. नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही, आणि मात्रा वाढवूनही बद्धकोष्ठ तसाच राहतो. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची एकदाच केलेली रक्ततपासणी मात्र या तक्रारीत फारसं काही सांगत नाही. पातळी महिनाभर बदलतच असते. ‘हार्मोन बॅलन्स’ची पावडर तर विसराच.

दर पाळीत शौचाच्या वेळी तीव्र दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याची) शंका घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मलात रक्त, कारण नसताना घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर नोंद पुरी होण्याची वाट पाहू नका. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली, काही आठवडे जवळजवळ रोज टिकणारी पोटफुगी असेल तर अंडाशयाचीही तपासणी करून घ्या.