नाण्यावरचं कणीस कसं ओळखावं

तुर्भ्याच्या दाणा बाजारात एका गाळ्यावर मी सव्वीस वर्षं दिवाणजी होतो. वानगी तळहातावर घ्यायची, हलकी फुंकर मारायची, उजेडाकडे धरायची आणि मगच भावाचं बोलायचं, ही तिथली रीत. निवृत्तीनंतर प्राचीन नाण्यांचा नाद लागला. त्यांवरचं खाणंपिणंही मी याच रीतीनं ओळखतो. ज्यांना हे शिकायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

सुरुवात घरच्या नाण्यापासून करा. आईच्या डब्यात १९५० चा रुपया सापडला तर सोनंच. त्या वर्षी राजाच्या चेहऱ्याजागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि रुपयावरच्या वाघाजागी धान्याची कणसं. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून पडलेल्या उजेडात चित्र सपाट दिसतं, आडव्या उजेडात दाणा अन् दाणा सावली टाकतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे.

नाणं घासू मात्र नका. मी एकदा तांब्याचं एक जुनं नाणं देवाच्या भांड्यांसारखं चिंचेनं घासलं. चकाकलं, पण त्यावरची बारीक रेघ कायमची गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्राचीन नाणी विकत घ्यायची घाई करू नका. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. वाशीहून हार्बरची गाडी पकडली की सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. ग्रीक-रोमन नाण्यांसाठी ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरचे फोटो मोठे करून बघा, सोबत वजनही दिलेलं असतं. वहीत नाण्याचं चित्र स्वतः काढा. हात फिरला की डोळ्याला दिसतं.

आता कणीस. दक्षिण इटलीत मेटापोंटम नावाचं ग्रीक शहर होतं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापासून त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एकच कणीस येतं. सुरुवातीच्या नाण्यांवर ते एका बाजूला उठावदार आणि दुसऱ्या बाजूला खोल दाबलेलं असतं. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मी गहू समजलो. मग नीट पाहिलं. ते सातूचं कणीस आहे, काहीजण जव म्हणतात तेच. नुसत्या लांब कुसळांवर जाऊ नका, आपल्या खपली गव्हालाही लांब कुसळं असतात. दाण्यांच्या उभ्या रांगा बघा. सातूचे दाणे देठाला घट्ट चिकटून सरळ रांगेत चढतात आणि कुसळं टोकाच्या बरीच पुढे जातात. पुढच्या काळातल्या नाण्यांवर कणसाशेजारी पान असतं आणि पानावर कधी टोळ, कधी उंदीर, कधी नांगर. टोळ आणि उंदीर पाहून मला गाळ्यावरची गोणी न् गोणी आठवली. धान्याचे वैरी तेव्हाही तेच होते. या शहरानं डेल्फीच्या देवाला ‘सोन्याचं पीक’ वाहिलं होतं, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो.

कणीस ओळखता आलं की माप शोधा. रोमन नाण्यांवर तीन पायांचं बुटकं भांडं दिसलं तर ती मोडियस, धान्य मोजायची. आपली पायली आठवा. मोडियस साधारण पावणेनऊ लिटरची. सम्राट क्लॉडियसच्या अगदी लहानशा तांब्याच्या नाण्यावर ती एकटीच आहे. रोमला समुद्रापलीकडून येणारं धान्य उतरवण्यासाठी ओस्टियाजवळ नवं बंदर बांधायला घेतलं, तो हाच. इसवी सन 97 मध्ये सम्राट नेर्वानं काढलेल्या मोठ्या नाण्यावर मोडियसमधून कणसं वर आलेली दिसतात आणि भोवतीचा मजकूर शहरातल्या सामान्य लोकांना धान्य मिळण्याबद्दल आहे. रेशनची हमी राजानं नाण्यावर छापली! भरलेल्या मापाचा अर्थ वाचता न येणाऱ्यालाही कळतो. बाजारात आयुष्य काढल्यामुळे असेल, पण मला नेर्वाचं हे नाणं सिंहासनावरच्या कुठल्याही राजापेक्षा मोठं वाटतं.

भांड्यांचं सोपं आहे. उंच वळणदार दोन कान असलेला प्याला म्हणजे कँथरॉस, मद्य पिण्याचा. मेंडे या ग्रीक शहराच्या नाण्यावर गाढवावर रेललेल्या डायोनिससच्या, म्हणजे मद्याच्या देवाच्या, हातात तो दिसतो. निमुळत्या बुडाची दोन कानांची सुरई म्हणजे अँफोरा, मद्य साठवायची. किऑस या ग्रीक बेटाच्या नाण्यावर ती स्फिंक्ससमोर, म्हणजे बाईचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेल्या प्राण्यासमोर, उभी आहे, वर द्राक्षांचा घोस. इटलीचं मद्य पुढे भरुचला उतरत होतं, हे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात नोंदलेलं आहे; त्याच पुस्तकात आपल्या कल्याणचंही नाव येतं. पण प्रत्येक घोस द्राक्षांचा मानू नका. पहिल्या कुमारगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मोराला फळांचा घोस भरवतोय. माझ्या वहीत मी ‘फळं’ एवढंच लिहिलंय.

मासा अडला तर जाणत्याला विचारा. सिझिकस या ग्रीक शहराच्या नाण्यांवर मुख्य चित्राखाली एक मासा असतो. त्याचा फोटो मी दिवाळे कोळीवाड्यातल्या एका मावशींना दाखवला. चंद्रकोरीसारखी शेपटी बघून त्या म्हणाल्या, “दादा, ह्यो कुपा हाय.” पुस्तकातलं नाव ट्यूना, म्हणजे कुपाच.

चित्र ओळखलं की विचारायचं, हे इथे का? कधी तो शहराचा माल असतो. कधी देवाची खूण असते: इफेसस या ग्रीक शहराची मधमाशी पाहून मधाचा व्यापार मनात येतो, पण ती आर्टेमिस देवीची. आणि कधी नुसता नावावरचा खेळ: ग्रीकमध्ये सिडे म्हणजे डाळिंब, म्हणून सिडे नावाच्या त्या शहराच्या नाण्यावर डाळिंब, सेलिनस या नावात रानटी सेलरी आहे, म्हणून तिचं पान. डाळिंब त्याच्या टोकावरच्या मुकुटावरून पटकन कळतं.

एक झाड मात्र तुम्हाला कुठल्याच बाजारात ताडून बघता येणार नाही. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सायरीनी शहराच्या नाण्यांवर जाड, रेघारेघांचा देठ आणि वर फुलांचे गोल झुबके दिसतात. ते सिल्फियम. त्याचा चीक मसाल्यात आणि औषधात वापरत, आणि सायरीनी त्यावर श्रीमंत झालं. मसाला मार्केटमधल्या माझ्या एका मित्राचा हिंगाचा धंदा आहे. त्याला चित्र दाखवलं तर तो म्हणाला, “हे तर आमच्याच जातीचं दिसतंय.” सिल्फियम मिळेनासं झालं तेव्हा रोमन लोक पूर्वेकडच्या हिंगावर भागवू लागले होते. रोमन लेखक प्लिनी लिहितो, त्याच्या हयातीत एकच देठ सापडला आणि तो सम्राट नीरोकडे पाठवला गेला.