हार्मोनला दाद न देणारं शरीर: मुलाची उंची घरी कशी मोजावी

स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम या आजारात रक्तात पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम राखणारं) भरपूर असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. म्हणून कॅल्शियम उतरतं, फॉस्फरस चढतं. या आजाराच्या १ए प्रकारात थायरॉइडची आणि वाढीच्या हार्मोनची वाटही अडू शकते. पालक फसतात ते इथेच. मूल लहानपणापासून गुटगुटीत असतं, उंचीही वर्गातल्या मुलांच्या बरोबरीची असू शकते. पण हाडांची वाढणारी टोकं लवकर बंद होतात आणि ऐन वयात येताना उंची अडकते. म्हणून आजच्या आकड्यापेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा.

दोन वर्षांपुढच्या मुलाची उंची उभं करून मोजा, त्याआधी झोपवून. झोपवून घेतलेलं माप सुमारे ०.७ सेंमी जास्त येतं, म्हणून वहीत पद्धतही लिहा. भिंतीला खाली फरशीची पट्टी असेल तर टाचा पुढे राहतात. त्याऐवजी सपाट दार घ्या. शिंप्याची टेप ताणली जाते, स्टीलची वापरा, शून्य जमिनीला टेकवून. मूल अनवाणी, वेणी-अंबाडा सोडलेला, टाचा आणि कुल्ले दाराला टेकलेले. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत हवं. हनुवटी जरा वर गेली की माप चुकतं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर ठेवा, त्याची एक बाजू दाराला पक्की चिकटवून, आणि खालच्या कडेला खूण करा. तीनदा मोजून सरासरी घ्या. संध्याकाळपर्यंत उंची एखाद सेंमीने कमी भरते, म्हणून वेळ दरवेळी सकाळचीच ठेवा.

तीन महिन्यांनी मोजलं तरी वेग काढताना किमान सहा महिन्यांचं अंतर धरा. १०८.२ वरून सहा महिन्यांत ११०.१ म्हणजे १.९, दुप्पट केलं की वर्षाला ३.८ सेंमी. यात एका मापात अर्ध्या सेंमीची चूक झाली तर वर्षाचा आकडा पूर्ण एक सेंमीने हलतो! चार वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंमी अपेक्षित असतात. ४ पेक्षा कमी आले तर बालहार्मोनतज्ज्ञांना वही दाखवा. वजनही सोबत लिहा. वजन चढत असताना उंची मंदावणं ही ठळक खूण आहे.

मूठ वळायला सांगून बघा. अनामिकेच्या मुळाशी उंचवट्याऐवजी खळगा दिसला, तर ती या आजाराची खूण असू शकते, तेही सांगा. हाडाचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झाली ते, पाहायला डाव्या हाताचा एक्स-रे काढतात.

कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑलने (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) रक्तातलं कॅल्शियम सावरतं, उंची त्याने भरून निघत नाही. थायरॉइडसाठी थायरॉक्सिन (थायरॉइडचं हार्मोन) दिलं असेल तर ते सकाळी उपाशीपोटी द्या आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन अंगी लागत नाही. ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली किंवा फिट आली तर वही बाजूला ठेवा आणि लगेच रुग्णालयात न्या.