मेलशेजारी लोगो आणि निळी टिक हवीय? आधी एवढं जमवा

बँकेच्या मेलशेजारी लोगो दिसतो, निळी टिक दिसते, आपल्या मेलला मात्र नुसतं गोलात एक अक्षर, आपलं पण तसं करून टाका, असं शेठ चहा पिता पिता बोलून जातात. याला बिमी (BIMI) म्हणतात, म्हणजे मेलशेजारी कंपनीचा लोगो दाखवायची पद्धत, आणि करून टाकण्यातलं काम नाहीये ते.

डिझायनरला फोन लावायच्या आधी ट्रेडमार्कची फाइल काढा. निळ्या टिकसाठी व्हीएमसी (VMC) नावाचं, लोगो तुमचाच आहे असं सांगणारं सर्टिफिकेट लागतं आणि ते रजिस्टर झालेल्या लोगोलाच मिळतं, अर्ज केलाय, लोगोला टीएम (™) लावतो, हे चालत नाही. भारतातलं रजिस्ट्रेशन चालतं, फक्त नाव रजिस्टर आहे की चित्रासकट आहे ते नीट बघा, कारण नुसत्या शब्दावर तुमचा चित्रवाला लोगो पास होणार नाही. अजून अर्जच केला नसेल तर छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी एका क्लासला (माल किंवा सेवेच्या एका वर्गाला) ४५०० रुपये आहे, पण ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर नुसत्या हरकतींसाठीच चार महिने थांबावं लागतं. तेवढा धीर नसेल तर सीएमसी (CMC) नावाचं दुसरं सर्टिफिकेट घ्या, त्याला ट्रेडमार्क लागत नाही, लोगो वर्षभर जाहीर वापरात असल्याचा पुरावा लागतो. जीमेल २०२४ पासून ते घेतं, लोगो दिसतो पण टिक नाही मिळत.

आता खरं डोकं खाणारं काम, डीमार्क (DMARC), म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने आलेला मेल तपासणीत नापास झाला तर त्याचं काय करायचं हे समोरच्या सर्व्हरला सांगणारी पॉलिसी. पॉलिसी 'नन' (काहीच करू नका) असेल तर बिमी चालतच नाही, क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका) किंवा रिजेक्ट (घेऊच नका) हवी, तीही शंभर टक्के मेलला. म्हणून आधी वही घेऊन बसा आणि आपल्या डोमेनवरून कोण कोण मेल पाठवतं ते लिहा, ऑफिसचे मेल, न्यूजलेटर, वेबसाइटचा फॉर्म, एचआरचं सॉफ्टवेअर, सगळं. आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर विसरलो होतो, पॉलिसी कडक केली आणि पुढचे आठ दिवस पार्ट्यांची बिलं स्पॅममध्ये, अकाउंट्सवाल्या ताईंनी काय ऐकवलं ते इथे नको. तेव्हा 'नन'वर ठेवून काही आठवडे डीमार्कचे रिपोर्ट वाचा, प्रत्येकाचं डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लावा, एसपीएफमध्ये (आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी) दहाच्या वर लुकअप, म्हणजे दुसरीकडे जाऊन बघायच्या नोंदी, जाऊ देऊ नका, मगच कडक व्हा. सबडोमेनची पॉलिसी 'नन' राहिली तरी अडतं हां.

लोगोची फाइल एसव्हीजी टायनी पीएस (रेषा-आकारांनी बनलेल्या चित्राचा, बिमीला चालणारा प्रकार) हवी, चौकोनी, ३२ केबीच्या आत, मागे भरीव रंग. पीएनजी एसव्हीजीत कोंबून 'घ्या सर' म्हणणारे डिझायनर भरपूर आहेत, फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत इमेज टॅग दिसला की परत पाठवा. लोगो गोलात कापला जातो, म्हणून कोपऱ्यात अक्षरं नकोत.

मग डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक नोंद, त्यात लोगोची आणि सर्टिफिकेटची एचटीटीपीएस लिंक, पाच मिनिटांचं काम.

शेठना आधीच सांगून ठेवा की लोगो जीमेल, याहू, ॲपल मेलमध्ये दिसेल, आउटलुकवाल्या क्लायंटला नाही दिसणार, नाहीतर पहिला फोन तोच येतो. आणि सर्टिफिकेट साधारण वर्षभराचंच असतं, रिन्यूची आठवण एकाच्याच मेलवर लावू नका, तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.