गोधडी विकायला काढताय? या चुका टाळा

देवगडच्या बाजूला आमच्या घरात पूर्वी विकण्यासाठी गोधडी कोणी शिवत नसे. भाताची कापणी-झोडणी उरकली की माळ्यावरची जुनी लुगडी खाली यायची आणि ओटीवर चार कडांना चार बायका बसायच्या. आता त्याच ओटीवरून गोधड्या मुंबई-पुण्याला जातात. शिवायला सासूबाई, काकी, मी आणि सुट्टीच्या दिवशी माझी लेक. आमचे टाके फारसे चुकले नाहीत. चुकलं ते सुईत दोरा ओवण्याआधी आणि शेवटची गाठ मारून झाल्यावर. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तेवढं टाळलं तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल.

कापड न धुता शिवायला बसणं

सासूबाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आदी भिजय गो, मगे शिव." पहिल्या वर्षी एका ऑर्डरची घाई होती, म्हणून मी ते ऐकलं नाही. पांढऱ्या धोतराच्या पट्ट्यांमध्ये लाल काठ बसवले. गोधडी दिसायला देखणी झाली, पण गिऱ्हाईकाने पहिल्यांदा धुतली आणि सगळं धोतर गुलाबी झालं. पैसे परत केले, पण तीन बायकांची दीड महिन्याची मेहनत काही परत आली नाही.

लाल, काळं, गडद निळं आणि जांभळं कापड तपासल्याशिवाय घेऊच नका. पांढऱ्या वाडग्यात गरम पाणी आणि थोडी साबणपूड घालून कापडाचा कोपरा अर्धा तास बुडवून ठेवा. मग तोच ओला कोपरा पांढऱ्या रुमालात दाबून वर गरम इस्त्री धरा. रुमालावर रंग उतरला, तर ते कापड पुन्हा पुन्हा धुऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत बाजूला ठेवा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, हे घरोघरी सांगतात. रंगवून बाजारात आलेल्या सुती कापडावर त्याचा भरवसा धरू नका.

शिवून झालेल्या गोधडीचा रंग लागलाच, तर ती वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका. ओली असतानाच मोठ्या टबात भरपूर गरम पाण्यात, साबणपुडीसह बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. बराचसा रंग निघून येतो.

नवं कापड धुवायचं आणखी एक कारण म्हणजे कांजी. ती राहिली तर सुई जड जाते, आणि आपल्या दमट हवेत कांजीवर बुरशी आणि कसर दोन्ही धरतात. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, नायलॉन-पॉलिएस्टर आटत नाही. एकाच गोधडीत दोन्ही मिसळली की धुतल्यावर एक थर ओढला जातो, दुसरा सैल राहतो आणि सगळीकडे चुण्या पडतात. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. सिंथेटिक साड्यांची गोधडी करायची असेल तर सगळी त्याचीच करा आणि विकताना तसं लिहा.

विरलेलं कापड वर घेणं

लुगडं उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी आडवं-उभं ताणा. बसण्याच्या जागी ते विरलेलं असतं, पदर आणि काठ मात्र धड राहतात. धड भाग वर घ्या, जरा कमी असेल तो आत. ताणल्यावर टरकन फाटलं तर ते आतही नको, फडकं करा.

कापडाचा अंदाजही आधीच घ्या. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापून दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की डबल गोधडीचा एक थर होतो. पाच थर म्हणजे पाच साड्या. त्याहून जास्त घातले तर हाताने सुई ओढताना बोटं सोलतात आणि धुताना ओली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. यंत्रावर पाच थर घेत असाल तर 16 किंवा 18 नंबरची सुई लावा आणि टाका लांब ठेवा.

कच्चा दोरा न घालता कडेपासून सुरुवात

आपली रीत कडेपासून आत शिवत जाण्याची. चौकोनात चौकोन होत मध्यावर गाठ येते. ही रीत चांगलीच आहे. पण थर आधी जखडले नसतील तर प्रत्येक फेरीबरोबर ढिलं कापड आत सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. म्हणून जमिनीवर थर ताणून अंथरा, मध्यापासून कडेकडे हाताने साफ करत जा आणि वीतभर अंतरावर कच्चा दोरा, म्हणजे नंतर काढून टाकायचे लांब सैल टाके, घाला. तरीही फुगा दिसू लागला तर तो दाबून शिवू नका. मागच्या चार-पाच रांगा उसवा, कापड कडेकडे सारा, पुन्हा शिवा. अर्धा दिवस जातो, पण गोधडी वाचते.

घरातल्या सगळ्यांनी मिळून एक गोधडी शिवायची तर टाके सारखे येणार नाहीत. काकींचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, लेकीचा त्याच्या दुप्पट. त्यावरून कोणाचं काम उसवायला घेऊ नका, त्याने घरात मन दुखावतं. एकेकीला एकेक बाजू द्या आणि प्रत्येक फेरीत तीच बाजू तिच्याकडे ठेवा. मग टाक्यातला फरक नक्षीसारखा दिसतो. फक्त दोऱ्याचा ताण सारखा हवा. दोरा खेचून टाकणारी बाई असेल तर तिला आधी छोट्या दुपट्यावर हात बसवू द्या.

हवा आणि पाणी विसरणं

घाटावरची कितीतरी माहिती आपल्याकडे चालत नाही, ती याच कारणाने. जून ते सप्टेंबर इथली हवा स्वतःच ओली असते, आणि खाडी-समुद्राजवळ खारीही. जखडायला लावलेल्या साध्या टाचण्या आणि सेफ्टीपिना कापडात आठ दिवस राहिल्या की प्रत्येकीखाली तपकिरी ठिपका पडतो. आमच्या एका गोधडीवर असे एकोणीस ठिपके मोजले. अशा डागावर ब्लीचिंग टाकू नका, गंजाचा डाग त्याने आणखी पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, ओलं राहील असं बघा, मग धुवा. दोन-तीन वेळा केल्यावर जातो. पण मुळात पावसात पिना नकोतच, कच्चा दोराच बरा.

धुतलेली गोधडी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टाकली तर जांभ्याची लाली बसते, आणि काजूच्या झाडाखाली तर नकोच: बोंडाच्या रसाचा डाग पडला की संपलं. दोन बांबूंवर, मध्ये हवा खेळेल अशी पसरा.

वरून सुकी वाटणारी गोधडी आत ओली असते. घडी करून वर पारदर्शक प्लास्टिक घाला, कडा दाबा आणि तासभर उन्हात ठेवा. प्लास्टिकच्या आत बाष्प धरलं तर अजून पाणी आहे. अशी गोधडी पिशवीत बंद करून पाठवली तर दूरच्या घरी ती कुबट वास घेऊन उघडते. बुरशीचे काळे ठिपके पडले असतील तर घराबाहेर नेऊन कोरडा ब्रश मारा, ऊन द्या, मग गरम पाण्यात धुवा. वास जाईल, पण ठिपके बहुतेक राहतात. ती गोधडी घरात वापरा, विकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये धुऊन पाठवायच्या ऑर्डरी आम्ही घेतच नाही, आधीच सांगून टाकतो.

कसरीसाठी डांबरगोळ्या टाकणं ही मात्र धोक्याची चूक आहे, विशेषतः बाळाच्या दुपट्याबाबत. काही बाळांना जन्मतःच एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि नॅप्थलीनच्या वाफेने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू लागतात. कोणाच्या बाळाला ती आहे हे आपल्याला कळत नाही. आम्ही निरगुडीचा सुकवलेला पाला फडक्यात बांधून ठेवतो आणि दर महिन्याला घडी मोडून नवी घालतो. दुपट्यावर आरसे, टिकल्या, बटणंही लावत नाही.

विकताना होणाऱ्या चुका

फोटो खळ्यात काढू नका. लाल मातीची छटा सगळ्या रंगांवर चढते. सकाळी ओटीवर, सावलीत काढा. मागची बाजूही दाखवा आणि एका फोटोत टाक्यांशेजारी रुपयाचं नाणं ठेवा. जुन्या साडीची गोधडी असेल तर "जुन्या, धुतलेल्या सुती साडीची" असं सरळ लिहा. ठिगळ असेल तर त्याचाही फोटो द्या.

किंमत ठरवताना बायका स्वतःचे तास धरत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आमच्या वहीत एका डबल गोधडीला सगळ्यांचे मिळून 85 तास आहेत. तासाला 60 रुपये धरले तरी 5100 होतात. दोरा, अस्तर 600 आणि पॅकिंग-टपाल 350 धरून 6050. "आमच्याकडे बाजारात आठशेला मिळते" म्हणणारे येतात. त्यांना यंत्रावरची दाखवा, हाताची गोधडी आठशेला देऊ नका. आणि वहीत तास नावानिशी लिहा, म्हणजे काकींचे पैसे काकींच्याच हातात जातील.

पार्सलच्या वजनात फसायला होतं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात आणि खरं वजन व हा आकडा यांतला जास्त असेल तो धरतात. 40 × 35 × 25 च्या खोक्यात अडीच किलोची गोधडी सात किलोच्या भावाने जाते. तीच दाबून 12 सेंटिमीटरची केली तर साडेतीनच्या आत बसते.

पैसे पाठवतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला, तर स्कॅन करू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा. मोठ्या विक्री-संकेतस्थळावर उतरायचं असेल तर 1 ऑक्टोबर 2023 पासून, वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकता येतं. राज्याबाहेर विकण्याआधी मात्र कर सल्लागाराला विचारून घ्या.

गिऱ्हाईकाच्या साड्या कापताना

आईच्या, आजीच्या साड्या पाठवून गोधडी करून मागणारे वाढलेत. इथे घाई केली तर पैसे परत करूनही उपयोग नसतो. साड्या आल्या की प्रत्येकीचा पूर्ण उलगडून फोटो पाठवा. कुठली वर, कुठली आत, कुठे कापणार ते खडूने आखून त्याचाही फोटो पाठवा आणि "हो, कापा" हे लेखी आल्याशिवाय कात्री लावू नका. डागही विचारल्याशिवाय काढू नका. एका पातळाच्या पदरावर हळदीचा हात उमटला होता. मी तो धुणार होते, पण काकी म्हणाल्या आधी विचार. विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं, "तो आईचा हात आहे, तोच मधोमध घ्या." तो तुकडा आम्ही साबण न लावता नुसत्या पाण्यातून काढला आणि मध्यावर बसवला. उरलेले काठ आणि चिंध्या वेगळ्या पिशवीत घालून गोधडीबरोबर परत पाठवल्या.