क्रियाविशेषण शिकवताना या चुका टाळा

तिसरी-चौथीतल्या मुलाला क्रियाविशेषण म्हणजे काय विचारा. ‘क्रियेविषयी विशेष माहिती सांगणारा शब्द,’ एका दमात उत्तर येतं. मग फळ्यावर लिहा, ‘राजू गटागट पाणी प्यायला,’ आणि क्रियाविशेषणाला गोल करायला सांगा. गोल पडतो ‘पाणी’ला. व्याख्येपासून सुरुवात करणं ही पहिली चूक. त्याऐवजी दोघा-तिघांना वर्गात चालायला लावा: एक भरभर, एक हळूहळू, एक लंगडत. चालणं तेच, मग वेगळं काय दिसलं? शब्द मुलांच्याच तोंडून येतात.

दुसरी चूक अर्धवट प्रश्नाची. ‘कसा, किती विचारलं की क्रियाविशेषण सापडतं’ असं सांगितलं, की ‘गोड आंबा’मधला ‘गोड’ही सापडतो. प्रश्न क्रियापदाला जोडूनच विचारायचा. ‘खूप आंबे खाल्ले’: किती आंबे? इथे ‘खूप’ विशेषण. ‘बाळ खूप रडलं’: किती रडलं? इथे क्रियाविशेषण. शब्दांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

‘वेगाने, जोराने’ दाखवून ‘ने’ची खूण देऊ नका. ‘आईने चाकूने भाजी चिरली’ या वाक्यात मुलं दोन गोल करतील! शिवाय ‘कशी चिरली?’ला ‘चाकूने’ हेच उत्तर देतील. तिथे विचारा, कशाने चिरली? चाकूने. आणि कशी? बारीक, भराभर, जशी चिरली असेल तशी.

माझी स्वतःची फजिती झाली ती ‘खाली’वर. ‘मांजर खाली बसलं’ आणि ‘मांजर खाटेखाली बसलं’. एका मुलीने दोन्हीकडे ‘खाली’ला गोल केला, दुसऱ्या वाक्यात तर अर्ध्याच शब्दाला. मी फुली मारून पुढे गेले. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली, ‘बाई, मांजर दोन्हीकडे खालीच बसलंय ना?’ अर्थाच्या बाजूने तिचं बरोबरच होतं. ‘कुठे बसलं?’ला दोन्हीकडे उत्तर मिळतं. फरक इतकाच, की दुसरा ‘खाली’ खाटेला चिकटून शब्दयोगी झालाय. आता मी वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून कात्रीने शब्द वेगळे करायला लावते. पहिला ‘खाली’ सुटा निघतो, दुसरा खाट सोडत नाही. वर, पुढे, मागे यांचंही तसंच.

आणि ‘अव्यय’ची, म्हणजे लिंग-वचनाप्रमाणे न बदलणारा शब्द हे सांगण्याची, घाई नको. ‘बाबा लवकर उठतात, आई लवकर उठते’ यात ‘लवकर’ बदलत नाही, ठीक. पण ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’? शब्द बदलला म्हणून हुशार मुलं लगेच विशेषण ठरवतात. कशी गाते? चांगली. म्हणजे काम क्रियाविशेषणाचंच, फक्त ते अव्यय नाही. पहिल्या सरावात असली वाक्यं देऊ नका, ‘छान गातो, छान गाते’वर भागवा. कुणी आपणहून ‘चांगली’ घेऊन आलं, तर मात्र त्या दिवशीचा गृहपाठ बाजूला ठेवून त्यावरच बोला.