टँकर विमान वेळेत हवंय? मग या चुका टाळा

दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर मिग-२९के लढाऊ विमानं आहेत, मार्च २०२२ पासून पी-८आय या सागरी टेहळणी विमानांची आयएनएएस ३१६ ही तुकडीही आहे. नौदलासाठी २६ राफेल-एमचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. ही सगळी विमानं हवेत इंधन घेण्याच्या हिशेबानेच घडवलेली. त्यांना इंधन देणारी मोठी विमानं मात्र देशात सहाच: आग्र्याची आयएल-७८, २००३ पासून सेवेत असलेली. नव्या टँकरच्या दोन निविदा निघाल्या आणि २०१० व २०१६ मध्ये रद्द झाल्या. त्या पैशांवरून अडल्या, हे खरं. पण पैसे मंजूर होऊन करार झाला तरी टँकर वर्षानुवर्षं रखडतो, हे अमेरिका, इटली, ऑस्ट्रेलिया सगळ्यांनी अनुभवलंय. बहुतेक ठिकाणी दुखणं एकच: विमान उडायला तयार असतं, अडतं ते जोडणीपाशी. दोन विमानांमधली जोडणी, नाहीतर नागरी आणि लष्करी नियमांमधली.

चूक : प्रवासी विमान तयार आहे, म्हणजे टँकर निम्मा झालाच

बोइंगचं केसी-४६ हे टँकर मुरलेल्या ७६७ प्रवासी विमानावर बेतलेलं. करार फेब्रुवारी २०११ चा. अट होती ऑगस्ट २०१७ पर्यंत १८ विमानांची. पहिलं विमान अमेरिकी हवाईदलाच्या ताब्यात आलं जानेवारी २०१९ मध्ये.

वायरिंगचंच बघा. लष्करी टँकरमध्ये मुख्य तार आणि तिची राखीव जोडीदार एकमेकींपासून ठरावीक अंतरावर न्यावी लागतात, म्हणजे एका जागी मार बसला तर दोन्ही एकदम जात नाहीत. केसी-४६ मध्ये तारांच्या काही जुड्यांत हे अंतर कमी पडलं आणि २०१४ मध्ये ते लक्षात आलं, तोवर विमानं बांधायला घेतली होती. बसवलेली जुडी हलवायची म्हणजे क्लॅम्प सोडा, नवा मार्ग काढा, कनेक्टर पुन्हा जोडा आणि प्रत्येक सर्किट पुन्हा तपासा. आराखड्यावर हेच काम रेघ सरकवण्याइतकं असतं. म्हणून तारांच्या अंतराची तपासणी हार्नेसचा, म्हणजे तारांच्या जुड्यांचा आराखडा गोठवण्याआधी, लष्करी नियम समोर ठेवून करा. नागरी प्रमाणपत्र हातात आहे म्हणून ती टाळू नका.

पंखाखालच्या पॉडचं, म्हणजे इंधनाची नळी सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या डब्याचं तेच. इटलीने चार केसी-७६७ टँकर विमानं मागवली २००२ मध्ये, हवी होती २००५ ला, मिळाली २०११ मध्ये. पंखाखाली पॉड आणि त्याचा खांब आला की हवेचा प्रवाह बदलतो आणि पंख थरथरू लागतो. मूळ विमानाच्या फ्लटर, म्हणजे थरथरीच्या चाचण्या इथे कामाला येत नाहीत. नमुना विमानावर सगळ्यात आधी पॉडच चढवा, आतली मालवाहू सजावट नंतर.

चूक : कोणाला पाजायचं ते नंतर बघू

ही सगळ्यात महाग चूक. पी-८ जातीच्या विमानाला बूम, म्हणजे टँकरच्या शेपटीकडचा ताठ नळ घेण्यासाठी कॉकपिटच्या मागे वर तोंड असतं, तर मिग-२९के आणि राफेलला प्रोब, म्हणजे इंधन घेणारी पुढची दांडी असते आणि त्यांना लवचिक नळी लागते. आयएल-७८ कडे फक्त नळी आहे, म्हणजे त्याच्या मागे पी-८ नेऊन काही उपयोग नाही. ब्रिटनने व्हॉयेजर टँकर बूमशिवाय घेतले. आता त्यांच्या स्वतःच्या पी-८ आणि सी-१७ ला इंधन द्यायला दुसऱ्या देशाचा टँकर लागतो. विकत घेतानाच एक तक्ता मांडा: उभ्या ओळीत इंधन घेणारं प्रत्येक विमान, आडव्या ओळीत बूम की नळी, वेग, उंची, वजन, दिवस की रात्र. एकही चौकोन कोरा ठेवून सही करू नका.

तक्त्यात बूम किती कडक आहे, तेही लिहा. केसी-४६ चा बूम आत दाबायला सुमारे १,४०० पौंडांचा रेटा लागतो. जड विमानांचं त्यामुळे अडत नाही, पण ए-१० सारख्या हलक्या, कमी ताकदीच्या विमानाला तेवढं ढकलणं जमत नाही. हे मानक अमेरिकी हवाईदलाने स्वतःच मान्य केलेलं असल्यामुळे दुरुस्तीचा खर्चही त्यांच्याच माथी आला. कंत्राटदारावर खापर फोडायला जागाच उरली नाही.

तेजसने हे काम शिस्तीत केलं. ४ आणि ६ सप्टेंबर २०१८ ला आयएल-७८ शी कोरी जोडणी, म्हणजे इंधन न घेता. मग १० सप्टेंबरला खरं इंधन: १,९०० किलो, २०,००० फुटांवर, २७० नॉट वेगाने. कोरी जोडणी गाळून वेळ वाचत नाही. नळीची खोड तिथेच कळते.

नळी चाबकासारखी फटकारते तेव्हा

प्रोब टोपलीत, म्हणजे नळीच्या टोकाच्या छत्रीसारख्या तोंडात शिरताना जवळ येण्याचा वेग ३ नॉटच्या आसपास असावा. फार हळू गेलात तर कपलिंगची कुलपं बसत नाहीत आणि टोपली नुसती बाजूला सरकते. जोरात गेलात तर नळी सैल पडते, आणि पॉडमधल्या ड्रमने ती लगेच गुंडाळली नाही तर सैल भागात लाट तयार होते. ती टँकरकडे जाऊन परत येते आणि प्रोबचं टोक मोडते. टोक मुद्दामच कमकुवत केलेलं असतं, नाहीतर विमानाचं नाक जाईल.

असं घडलं की पहिला दोष वैमानिकाला देण्याची सवय सोडा. क्रम असा ठेवा: आधी ड्रमची ओढ आणि प्रतिसादाचा वेळ, मग टोपलीची छत्री फाटली किंवा वाकली आहे का, मग कपलिंगच्या सील, आणि शेवटी वैमानिकाच्या वेगाची नोंद. जोडल्यावर इंधन येत नसेल तर प्रोबने नळी पुरेशी आत ढकलली आहे का ते बघा. नळीवरच्या खुणा त्यासाठीच असतात. ठरावीक अंतर आत गेल्याशिवाय झडप उघडत नाही.

चूक : कॅमेरा हँगरमध्ये चालला, आता हवेत चालेलच

केसी-४६ मध्ये बूम चालवणारा शेपटीत पालथा झोपून खिडकीतून बघत नाही. तो कॉकपिटमागे बसून त्रिमिती चष्म्यातून पडदा बघतो. सूर्य काही कोनांवर आला की पडदा धुवून निघतो किंवा सावलीत काळा पडतो आणि खोलीचा अंदाज चुकतो. मग बूम समोरच्या विमानाच्या पाठीवर घासतो. नवी प्रणाली लावायचं २०२० मध्ये ठरलं, पण तारीख सरकत सरकत २०२७ वर गेली आहे.

आपल्या किनाऱ्यावर ही चाचणी कशी लावायची? कॅमेरा मागे आणि खाली बघतो. तेव्हा संध्याकाळी टँकर पूर्वेकडे तोंड करून उडवा: मावळता सूर्य सरळ भिंगात आणि खाली समुद्राची चकाकी. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत हा मारा सर्वांत जास्त असतो. दुपारी बाराच्या उड्डाणांवर पास झालेला कॅमेरा पास समजू नका.

कागद, डबे आणि अवजारं

केसी-४६ चे पंखाखालचे पॉड रखडले, कारण नागरी प्रमाणपत्रासाठी लागणारी कागदपत्रं सुरुवातीपासून सांभाळली नव्हती. सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांनी हे नीट वाचावं: कच्च्या मालाच्या बॅचपासूनची नोंद नसेल तर चांगला भागही भंगारात जातो. २०१५ मध्ये चुकीचं लेबल लागलेलं रसायन चाचणी विमानाच्या इंधन व्यवस्थेत गेलं, आत गंज धरला आणि वेळापत्रक हललं. डब्यावरचं लेबल आणि बॅच क्रमांक दोघांनी, वेगवेगळं वाचावं. २०१९ मध्ये तर विमानात विसरलेली अवजारं आणि कचरा सापडल्याने विमानं स्वीकारणंच थांबलं. पाळी संपताना पान्याची जागा रिकामी दिसली तर टाकी बंद करायची नाही, मग रात्र झाली तरी.

बूमसाठी सगळं अडवून धरणं

एअरबसच्या ए-३३० एमआरटीटी टँकरचा बूम जानेवारी २०११ मध्ये पोर्तुगालजवळ चाचणीत तुटून समुद्रात पडला. ऑस्ट्रेलियाने विमान नाकारलं नाही. नळीचं काम आधी सुरू केलं, बूमला मान्यता नंतर दिली. करारातच असे टप्पे लिहिले तर बाकीचा उपयोग थांबत नाही.

आणि जमिनीवर

कॅगच्या तपासणीत २०१०-१६ या काळात आयएल-७८ ची उपलब्धता ७० टक्क्यांच्या अपेक्षेऐवजी ४९ टक्के निघाली होती. सुटे भाग आणि दुरुस्तीचं कंत्राट विमानासोबतच करा. दाबोळीसारख्या, प्रवासी वाहतुकीशी वाटून घेतलेल्या तळावर टँकर वापरायचा तर उभं राहण्याची जागा आणि हायड्रंटचा, म्हणजे जमिनीखालच्या इंधन-नळाचा वेग आधी मोजा. टँकर गाड्यांनी शंभरेक टन इंधन भरत बसलात तर सकाळ तिथेच संपते. खाऱ्या, दमट हवेत पॉड उघडा ठेवू नका.

भाड्याने घेतानाही डोळे उघडे ठेवा. प्रशिक्षणासाठी एक केसी-१३५ घेण्याचा करार संरक्षण मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये केला. या जातीच्या विमानात प्रोबवाल्यांसाठी दोन सोयी असू शकतात: पंखाखाली पॉड, किंवा बूमच्या टोकाला आखूड नळी आणि कडक टोपली. दुसऱ्या सोयीत नळी गुंडाळणारा ड्रम नसतो, वैमानिकाला स्वतःच नळीचा बाक सांभाळावा लागतो, आणि ती जमिनीवरच बसवता-काढता येते. म्हणजे त्या उड्डाणात बूमवाल्यांना काही मिळत नाही. यातली कोणती सोय मिळणार, हे करारात नावानिशी लिहून घ्या.